सहा आठवड्यांत मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस: कोल्हापुरात पहिल्यांदाच उन्हाळी वर्ग घेणाऱ्यांसाठी

उन्हाळी वर्गाचं काम अंगावर पडलं की बहुतेक नवे शिक्षक पुस्तकाचं पहिलं प्रकरण उघडतात आणि व्हेक्टरपासून चालायला लागतात. पाचव्या आठवड्यात ते ट्रिपल इंटिग्रलमध्ये रुतलेले असतात. मग ग्रीन, स्टोक्स आणि डायव्हर्जन्स ही तिन्ही प्रमेयं शेवटच्या तीन दिवसांत उरकली जातात. ज्यासाठी हा सगळा खटाटोप, नेमकं तेच उरकलं जातं. म्हणून आखणी शेवटच्या आठवड्यापासून मागे करत यायची. या लेखातलं बाकी सगळं या एका गोष्टीला धरून आहे.

लेखात सोयीसाठी क्ष, य, झ ही अक्षरं वापरली आहेत. फळ्यावर अर्थातच इंग्रजी अक्षरं येतील.

तासांचा हिशोब

एका क्रेडिटला १५ तास धरले तर ४ क्रेडिटच्या कोर्सचे ६० तास होतात. नेहमीच्या सत्रात ते १५ आठवड्यांवर पसरतात, आठवड्याला ४ तास. उन्हाळ्यात ६ आठवडे, आठवड्याचे ५ दिवस आणि रोज २ तास. म्हणजे इथला एक दिवस हा नेहमीचा अर्धा आठवडा. दोन दिवस दांडी मारली की आठवडा बुडाला. हा हिशोब पहिल्याच दिवशी फळ्यावर मांडा, हजेरीवरचं भाषण वाचतं.

आता मागून मोजा. सरफेस इंटिग्रल, स्टोक्स आणि डायव्हर्जन्स यांना ६ तास. लाइन इंटिग्रल आणि ग्रीनला ७. ट्रिपल इंटिग्रल आणि निर्देशक बदलण्याला ७, डबल इंटिग्रलला ८. मॅक्सिमा-मिनिमा आणि लाग्रांजला ७. पार्शल डेरिव्हेटिव्ह, चेन रूल आणि ग्रेडियंटला ९. दोन चलांची फंक्शन्स, लेव्हल कर्व्ह आणि लिमिट यांना मिळून ५. व्हेक्टर, रेषा आणि प्रतलं यांना ६. झाले ५५. चाचण्यांना ३ तास, आणि उरलेले २ कोणालाही न देता राखून ठेवायचे. व्हेक्टरचे ६ तास कमी वाटतील. वाटू द्या. क्रॉस प्रॉडक्ट आणि प्रतलाचं समीकरण एवढं हातात बसलं की पुढचं चालतं. दोन तिरकस रेषांमधलं अंतर वगैरे गृहपाठाला सोडा.

राखीव तास लागतातच. संध्याकाळी वळीव कोसळतो, झाडं पडतात, रात्रभर वीज जाते आणि सकाळी निम्मा वर्ग मोबाइल चार्ज नाही म्हणून गजर न होता झोपलेला असतो. शिवाय १ मेची सुट्टी ठरलेली आहे. तिची भरपाई आधीच्या शनिवारी करून टाका, राखीव तासांतून करू नका. एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी सुरुवात केली तर मेच्या शेवटच्या आठवड्यात कोर्स संपतो. त्याच सुमारास रोहिणी नक्षत्र लागतं आणि पश्चिमेकडच्या तालुक्यांत भाताची धूळवाफ पेरणी सुरू होते. म्हणजे घरची शेती असलेली मुलं नेमकी स्टोक्सच्या दिवशी गायब. पहिल्या दिवशी प्रत्येकाकडून चिठ्ठीवर लिहून घ्या: गावची म्हाई, म्हणजे जत्रा, कधी, घरात लग्न कधी, पेरणीला कोणते दिवस जाणार. सगळ्या चिठ्ठ्या एका कॅलेंडरवर मांडल्या की चाचण्या कुठे ठेवायच्या नाहीत ते दिसतं. स्वतःचं कॅपचं, म्हणजे पेपर तपासणीचं बोलावणं कधी आहे तेही त्यातच लिहा.

वेळ सकाळी ८ ते १०:१० ठेवा, मध्ये १० मिनिटांची सुट्टी. ७ ला सुरू करायचा मोह होतो, पण राधानगरी, गारगोटी, मलकापूरकडून येणाऱ्यांची पहिली एसटी कधी पोचते हे विचारल्याशिवाय ठरवू नका. दुपारी पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत वर्ग घेणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा; दीडनंतर कोणाला पार्शल डेरिव्हेटिव्ह कळत नाही.

दोन तासांची विभागणी साधारण अशी: कालच्या एका गणिताला १० मिनिटं, नवीन भागाला ३५, मुलांनी स्वतः सोडवायला १५, सुट्टी, पुन्हा नवीन ३०, पुन्हा सोडवणं २०, आणि शेवटची १० मिनिटं एका कागदी चिठ्ठीवर एक छोटा प्रश्न. ती चिठ्ठी संध्याकाळी चाळायची. गुण द्यायचे नाहीत, फक्त किती जणांनी एकच चूक केली ते पाहायचं. दुसऱ्या दिवशीची पहिली १० मिनिटं त्या चुकीची.

पहिल्या दिवसाची २० मिनिटं

उन्हाळी वर्गाला तीन प्रकारची मुलं येतात: विषय राहिलेली, डिप्लोमाकडून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली, आणि पुढच्या प्रवेश परीक्षेसाठी स्वतःहून आलेली. सगळ्यांना एकच छोटी चाचणी द्या, ८ प्रश्नांची. त्यात चार गोष्टी असाव्यातच: क्ष² च्या साइनचं डेरिव्हेटिव्ह, साइन वर्गाचं इंटिग्रल, ३ × ३ डिटर्मिनंट, आणि य = क्ष² व य = क्ष + २ यांची आकृती काढून छेदबिंदू शोधणं. छेदबिंदू (−१, १) आणि (२, ४) आहेत, दोन ओळींचं काम.

या चारही प्रश्नांवरून पुढचं दिसतं. साइन वर्गाचं इंटिग्रल येत नाही त्याची गाडी चौथ्या आठवड्यात पोलर निर्देशकांत बंद पडणार. ज्याला ती आकृती जमली नाही तो डबल इंटिग्रलच्या लिमिट्स पाठ करायला लागणार, आणि लिमिट्स पाठ होत नाहीत. अशा मुलांना शनिवारी दीड तास वेगळा द्या. मुख्य वर्ग थांबवून बारावीचं पुन्हा शिकवू नका. ते केलं की शेवटचा आठवडा गेलाच म्हणून समजा.

भाषेचंही त्याच दिवशी ठरवून टाका. पेपर इंग्रजीत येतो, विचार मराठीत होतो. व्याख्या फळ्यावर इंग्रजीत लिहा, समजावा मराठीत, आणि मुलांकडून दोन्हीत म्हणवून घ्या. अडचण मोठ्या शब्दांची नसते. ग्रेडियंट हा शब्द सगळ्यांनाच नवा असतो. अडखळतात ते ‘बाउंडेड बाय’, ‘विथ रिस्पेक्ट टू’, ‘आउटवर्ड नॉर्मल’, ‘फर्स्ट ऑक्टंट’ अशा जोडशब्दांवर. फर्स्ट ऑक्टंटसाठी खोलीचा कोपरा दाखवा: फरशी आणि दोन भिंती, तिन्ही निर्देशक धन.

लिमिट: दोन तास, त्याहून जास्त नाही

लिमिटवर चार-पाच तास घालवणारे शिक्षक बरेच आहेत. उन्हाळ्यात ते परवडत नाही. एकच उदाहरण नीट करा: क्ष²य भागिले (क्ष⁴ + य²). य = मक्ष या प्रत्येक सरळ रेषेवरून (०, ०) कडे गेलं तर उत्तर ० येतं. मुलं लगेच ‘लिमिट ०’ लिहून मोकळी होतात. मग य = क्ष² या वाटेनं जा, उत्तर १/२. सगळ्या सरळ वाटा सारखं सांगतात म्हणून लिमिट आहे असं होत नाही, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुरे. लिमिट नाही हे दाखवायला दोन वाटा लागतात. आहे हे दाखवायला वाटा कितीही तपासल्या तरी पुरत नाहीत, तिथं पोलर निर्देशक किंवा सँडविच प्रमेय वापरायचं.

पार्शल डेरिव्हेटिव्ह ते ग्रेडियंट

पहिली हमखास चूक: क्ष²य³ चं क्ष च्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह विचारलं की काही जण शून्य लिहितात (‘य स्थिर आहे, स्थिराचं डेरिव्हेटिव्ह शून्य’), काही २क्ष × ३य² लिहितात. दोघांनाही एकच औषध. य च्या जागी ५ ठेवा, १२५क्ष² चं डेरिव्हेटिव्ह काढायला सांगा, मग ५ पुसून पुन्हा य लिहा. तीनदा केलं की गाडी रुळावर येते.

टँजंट प्लेनमध्ये वेगळीच गंमत होते. झ = क्ष² + य² ला (१, २, ५) पाशी स्पर्श करणारं प्रतल झ = ५ + २(क्ष − १) + ४(य − २). पण निम्मी मुलं झ = ५ + २क्ष(क्ष − १) + २य(य − २) लिहितात. त्यांना उत्तर चूक आहे असं सांगू नका. ‘यात क्ष² आहे, मग हे प्रतल कसं?’ एवढंच विचारा. डेरिव्हेटिव्हमध्ये बिंदूची किंमत घालायची राहिली आहे हे त्यांना स्वतःच सापडतं, आणि स्वतः सापडलेलं सहाव्या आठवड्यापर्यंत टिकतं.

लेव्हल कर्व्हसाठी बटाटा आणा. मधोमध कापून सपाट बाजू खाली ठेवा, आडवे १-१ सेंटिमीटरचे काप करा, प्रत्येक काप कागदावर ठेवून पेन्सिलीनं कड काढा. सगळ्या कडा एकात एक बसल्या की तो बटाट्याचा समोच्च नकाशा. जिथे उतार तीव्र तिथे रेषा जवळ. दहा रुपयांत होतं आणि वीज लागत नाही. थ्रीडी चित्रांसाठी जिओजेब्रा उत्तम आहे, पण ते घरी बघायला द्या. वर्गात प्रोजेक्टरवर विसंबून राहू नका.

ग्रेडियंटला घाई करू नका. पुढे तो पुन्हा पुन्हा लागतो. सर्वांत खोल गैरसमज असा की ग्रेडियंट डोंगराच्या पृष्ठभागाला चिकटून वर चढतो. मुलं आकृतीत बाण तसाच काढतात. दोन चलांच्या फंक्शनचा ग्रेडियंट नकाशावर असतो, डोंगरावर नव्हे. पन्हाळ्याच्या परिसराचा १:५०,००० चा टोपोशीट, म्हणजे समोच्च रेषांचा नकाशा, घ्या. त्यावर १ सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर आणि समोच्च रेषांमध्ये २० मीटरचं अंतर. एखाद्या ठिकाणी दोन रेषा ४ मिलिमीटरवर असतील तर आडवं अंतर २०० मीटर, चढ २० मीटर, म्हणजे ग्रेडियंटची किंमत ०.१ आणि दिशा रेषेला काटकोनात, वरच्या बाजूला. नकाशावर पट्टी ठेवून मुलांनी असे पाच बाण काढावेत. काटकोन आपोआप डोक्यात बसतो, प्रमेयाच्या सिद्धतेची वाट पाहावी लागत नाही.

मग विचारा: घाटाचा रस्ता नागमोडी का? ग्रेडियंटशी ६० अंशांचा कोन करून गेलं तर चढ ०.१ × १/२ = ०.०५, निम्मा. ९० अंशांत गेलं तर शून्य, तुम्ही समोच्च रेषेवरूनच चालत आहात. डायरेक्शनल डेरिव्हेटिव्हचं सूत्र याच्यानंतर लिहा, आधी नाही.

सूत्र लिहिल्यावरची चूक म्हणजे दिशेचा युनिट व्हेक्टर न करणं. ग्रेडियंट (२, १), दिशा (३, ४). सरळ डॉट प्रॉडक्ट घेतलं तर १०. दिशेची लांबी ५, तिनं भागलं तर २. कोणतं बरोबर हे ठरवायला पुस्तक लागत नाही. डायरेक्शनल डेरिव्हेटिव्ह ग्रेडियंटच्या लांबीपेक्षा मोठं होऊच शकत नाही, आणि इथे लांबी वर्गमूळ ५, म्हणजे साधारण २.२४. १० आलं म्हणजे भागायचं राहिलं. ही तपासणी मुलांना लावून द्या.

चेन रूलसाठी झाडाची आकृती काढायला लावा. एखादी फांदी सुटणं हीच चूक असते, दुसरी नसते.

खिंड आणि वाटी

सॅडल पॉइंटला पुस्तकात घोड्याचं खोगीर दाखवतात. इथल्या मुलांना खिंड जास्त ओळखीची. पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाणाऱ्या वाटेवरची पावनखिंड कोणाला सांगावी लागत नाही. एका बाजूनं चढून दुसरीकडे उतरणाऱ्यासाठी खिंड हा वाटेतला सर्वांत उंच बिंदू, आणि डोंगराच्या धारेवरून चालणाऱ्यासाठी तोच सर्वांत खालचा. एका दिशेत मॅक्सिमम, दुसरीत मिनिमम. दोन्हीकडे ग्रेडियंट शून्य.

गणित म्हणून क्ष³ + य³ − ३क्षय घ्या. यात एक उत्तम सापळा आहे. पार्शल डेरिव्हेटिव्ह शून्य धरल्यावर य = क्ष² आणि क्ष = य² मिळतं, त्यातून क्ष = क्ष⁴. मुलं दोन्ही बाजूंना क्ष नं भागतात, क्ष = १ काढतात आणि पुढे जातात. भागताना क्ष = ० हरवला, आणि नेमकी खिंड तिथेच होती. (१, १) ला सेकंड डेरिव्हेटिव्ह टेस्टमधला डी (क्ष आणि य च्या सापेक्ष दुसऱ्या डेरिव्हेटिव्हचा गुणाकार, वजा मिश्र डेरिव्हेटिव्हचा वर्ग) ३६ − ९ = २७, म्हणजे मिनिमम, किंमत −१. (०, ०) ला डी = −९, म्हणजे सॅडल. ‘चल असलेल्या राशीनं भागायचं नाही, बाहेर काढून अवयव पाडायचे’ हे वाक्य त्या दिवशी मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

डी शून्य आला तर टेस्ट गप्प बसते; मुलं मात्र ‘सॅडल’ लिहितात. क्ष⁴ + य⁴ आणि क्ष⁴ − य⁴ शेजारी ठेवा: दोन्हीकडे (०, ०) ला डी शून्य, एक मिनिमम, दुसरा सॅडल. किंवा कुस्त्यांचं खासबाग मैदान आठवायला सांगा. सगळीकडून पायऱ्या उतरत येणाऱ्या त्या वाटीचा तळ पूर्ण सपाट धरला, तर तळाच्या मध्यावर सगळीच डेरिव्हेटिव्ह शून्य, डी शून्य, आणि तरीही त्याहून खाली काही नाही.

बंद प्रदेशावर कमाल-किमान विचारलं की कडा तपासायची राहते. लाग्रांजला एक तास आणि एकच सुरेख उदाहरण पुरतं: वरून उघडी, ३२ घनफुटांची पेटी कमीत कमी पत्र्यात. उत्तर ४ × ४ × २ फूट, पत्रा ४८ चौरस फूट. चूक होते ती समीकरणं सोडवताना. लाग्रांज मल्टिप्लायरची किंमत काढायच्या मागे लागू नका, तो काढून टाकायचा असतो.

इंटिग्रल: आकृती नसेल तर गुण नाहीत

हा नियम पहिल्याच दिवशी जाहीर करा आणि पाळा. डबल इंटिग्रलच्या दहापैकी आठ चुका आकृती न काढल्यानं होतात.

क्रम बदलायला हे उदाहरण घ्या: ‘ई’च्या क्ष² घाताचं इंटिग्रल, आत क्ष हा य पासून १ पर्यंत, बाहेर य हा ० पासून १ पर्यंत. आतलं इंटिग्रल साध्या सूत्रात बसतच नाही. म्हणजे क्रम बदलण्याची गरज खरी असते, परीक्षकाची लहर नसते. आकृतीत त्रिकोण दिसतो. उभ्या पट्ट्या घेतल्या की य ० पासून क्ष पर्यंत, क्ष ० पासून १ पर्यंत, आणि उत्तर (ई − १)/२, सुमारे ०.८५९. चूक अशी होते की मुलं आकृतीकडे न बघता दोन इंटिग्रल चिन्हं लिमिट्ससकट अदलाबदल करतात, आणि बाहेरच्या लिमिटमध्ये य राहतो. नियम साधा आहे: सर्वांत बाहेरच्या लिमिटमध्ये फक्त आकडे. शिवाय दोन्ही क्रमांत फंक्शनच्या जागी १ ठेवून क्षेत्रफळ काढा. दोन्हीकडे १/२ आलं तर लिमिट्स बरोबर. त्याला अर्धं मिनिट लागतं.

उभ्या पट्ट्यांना पांढरा आणि आडव्यांना पिवळा खडू ठेवा, आणि सहा आठवडे तोच.

पोलर निर्देशकांत इंटिग्रलच्या आत ‘आर’नं गुणायचं विसरणं ही जगभरची चूक. त्यावर शिक्षकच नकळत पांघरूण घालतात. वर्तुळाचं क्षेत्रफळ काढायला सवयीनं त्रिज्या २ घेतली जाते. आर धरून केलं तर ४ पाय (π). आर विसरून केलं तर २ पाय गुणिले २, म्हणजे पुन्हा ४ पाय! चूक लपून राहते आणि मुलाला वाटतं आपलं बरोबर. त्रिज्या ३ घ्या: एकीकडे ९ पाय, दुसरीकडे ६ पाय. घनफळात मात्र २ चालतो. झ = क्ष² + य² ही वाटी झ = ४ पर्यंत भरली तर घनफळ ८ पाय येतं; आर विसरला तर ३२ पाय भागिले ३.

‘आर’ कुठून आला हे गुऱ्हाळातल्या काहिलीवर दाखवता येतं. मध्यापासून कडेकडे जाताना तेवढ्याच कोनात मावणारा तुकडा रुंद होत जातो. कडेजवळचा तुकडा मोठा, मध्याजवळचा चिंचोळा. दोघांना सारखं वजन कसं द्यायचं?

स्फेरिकलला एक जुनं भांडण आहे. फिजिक्सच्या पुस्तकांत झ अक्षापासूनचा कोन थीटा, गणिताच्या बऱ्याच पुस्तकांत तोच फाय. बी.एस्सी.ची मुलं दोन्ही वाचत असतात. कोणती पद्धत वापरणार ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि पुसू देऊ नका. झ अक्षापासूनचा कोन ० पासून पायपर्यंतच. दोन पायपर्यंत घेतला आणि साइनवर ॲब्सोल्यूट व्हॅल्यू लावली नाही तर गोलाचं घनफळ शून्य येतं. हे एकदा वर्गात मुद्दाम करून दाखवा, हशा पिकतो आणि लक्षात राहतं.

शेवटचे १३ तास

ग्रीनच्या प्रमेयात कडेवरून कोणत्या दिशेनं फिरायचं? पुस्तक म्हणतं, प्रदेश डाव्या हाताला राहील असं. आपल्याकडे याची सोपी खूण आहे: प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला असतो. ग्रीनची धन दिशा प्रदक्षिणेच्या बरोबर उलटी. दिशा चुकली तर उत्तराचं फक्त चिन्ह बदलतं, म्हणून मुलांना ती चूक वाटत नाही. पुढचं उदाहरण तो गैरसमज मोडतं.

(क्ष गुणिले डीय) वजा (य गुणिले डीक्ष) याचं कडेवरचं लाइन इंटिग्रल निम्मं केलं की क्षेत्रफळ मिळतं. शेताचे चार कोपरे फुटांत घ्या: (०, ०), (९९, ०), (१३२, ६६), (०, ९९). बाजूबाजूनं बेरीज ० + ६५३४ + १३०६८ + ० = १९६०२, निम्मे ९८०१ चौरस फूट. १ गुंठा १०८९ चौरस फूट, म्हणजे बरोबर ९ गुंठे. प्रदक्षिणेच्या दिशेनं फिरलात तर उणे ९ गुंठे. सातबाऱ्यावर तसं चालणार नाही. कडेवरून फिरून आतलं मोजता येतं, हे प्रमेयाचं मर्म यात आहे, आणि शेतात वाढलेल्या मुलांना ते पुस्तकातल्या सिद्धतेपेक्षा आधी पटतं.

कर्ल शून्य म्हणजे फील्ड कन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे कोणत्याही बंद वाटेवर इंटिग्रल शून्य, असं मुलं पाठ करतात. (−य, क्ष) भागिले (क्ष² + य²) घ्या. कर्ल शून्य, तरी मूळबिंदूभोवतीच्या वर्तुळावर इंटिग्रल दोन पाय. कारण प्रदेशात भोक आहे, शेताच्या मध्यात विहीर असावी तसं. विहीर असेल तर ग्रीन लावण्याआधी तिला कुंपण घालून तिची कडही धरायची, उलट दिशेनं.

फ्लक्ससाठी इथल्या मुलांना वेगळं उदाहरण शोधावं लागत नाही. पावसाळ्यात राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की बातमीत १४२८ क्युसेक विसर्ग येतो. सातही उघडले तर ९९९६. क्युसेक म्हणजे सेकंदाला घनफूट, आणि तो फ्लक्सच आहे. पुढे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचा एक गाळा घ्या, बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) काढलेला: २ मीटर रुंद, ३ मीटर खोल पाणी, वेग सेकंदाला १.५ मीटर. फ्लक्स सेकंदाला ९ घनमीटर, सुमारे ३१८ क्युसेक. प्रवाह नॉर्मलशी ३० अंश तिरका असेल तर ९ × ०.८६६, म्हणजे ७.८. इथे मुलं कोन पृष्ठभागाशी मोजतात आणि ४.५ काढतात. आणि वेग वर १.५, तळाशी ० असा सरळ रेषेत कमी होत असेल तर? आता गुणाकार पुरत नाही, इंटिग्रल लागतं. योगायोगानं तेही ४.५ येतं, म्हणून दोन्ही प्रश्न एकाच दिवशी देऊ नका.

डायव्हर्जन्स प्रमेयात झाकण विसरलं जातं. मघाचीच वाटी घ्या, फील्ड (क्ष, य, झ). डायव्हर्जन्स ३, घनफळ ८ पाय, एकूण बाहेर जाणारा फ्लक्स २४ पाय. पण प्रश्न फक्त वाटीचा असेल तर वरच्या झाकणाचा १६ पाय वजा करायला हवा, राहतात ८ पाय. झाकणाचं क्षेत्रफळ ४ पाय, तिथे झ ४, गुणाकार १६ पाय, तोंडी होतो. प्रमेय बंद पृष्ठभागाला लागतं हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. वाटी उघडी आहे हे दिसत नाही. थेट सरफेस इंटिग्रलनंही ८ पाय काढून घ्या. नॉर्मल बाहेर, म्हणजे खालच्या बाजूला घ्यायचा आहे हे तेव्हाच कळतं.

स्टोक्सला शेवटचा दीड तास उरतो आणि तेवढा पुरतो, कारण तो हवेत उचललेला ग्रीन आहे. रुमालाची कड धरून मध्य वर-खाली करा: कड तीच, पृष्ठभाग बदलतो, उत्तर बदलत नाही.

गृहपाठ, चाचण्या, पेपर

रोज चारच गणितं: दोन सरळ, एक फक्त आकृतीचं, एक वाकडं. तीस दिली तर रात्रीत व्हॉट्सॲपवर एकाची वही फिरते. संशय आला तर रागावू नका, फळ्यावर बोलावून त्याच गणिताची आकृती काढायला सांगा. वह्या दुसऱ्याच दिवशी परत गेल्या पाहिजेत. तीन दिवसांनी दिलेली वही म्हणजे नेहमीच्या सत्रात दीड आठवड्यानं दिल्यासारखी.

चाचण्यांचे ३ तास असे वापरा: ४५ मिनिटांच्या दोन, तिसऱ्या आणि पाचव्या आठवड्याच्या सुरुवातीला, आणि शेवटी ९० मिनिटांचा एक सराव पेपर. चाचणी सोमवारी नको. रविवारी लग्नाला गेलेला वर्ग सोमवारी अर्धाच येतो.

पेपर काढून झाला की स्वतः पूर्ण सोडवा, आकृत्यांसकट, घड्याळ लावून. तुम्हाला २० मिनिटांहून जास्त लागली तर ९० मिनिटांत मुलांचा पुरा होणार नाही. एक प्रश्न काढा. मग प्रत्येक प्रश्न नेहमीच्या चुका करून पुन्हा सोडवा: आर विसरून, युनिट व्हेक्टर न करता, झाकण न धरता, क्ष नं भागून. चुकीच्या वाटेनंही बरोबर उत्तर येत असेल तर आकडे बदला. आणि वर्तुळ असेल तर त्रिज्या ३.